साठीच्या गटातला दुसरा नंबर

साठी भरली म्हणून पेढे वाटणारा माणूस नवी पेठेने एकच पाहिला, तो चन्नवीर. दुकानातली गिऱ्हाइकं नोकरावर सोपवून तो बॉक्स घेऊन शेजारच्या सराफापर्यंत गेला. लोकांना वाटलं, नातू झाला. तर नाही, गडी साठ वर्षांचा झाला होता आणि त्याला त्याचाच आनंद होता.

कारण असं की शहरात पळणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मंडळींचा एक क्लब आहे. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये त्यांची स्पर्धा असते. पाच किलोमीटर पळायचं, मग वीस किलोमीटर सायकल, उतरून पुन्हा अडीच किलोमीटर पळायचं. समुद्रकाठच्या गावांत यात पोहणंही असतं म्हणे. सोलापुरात समुद्र कुठून आणायचा, म्हणून इथे दोनदा पळणं. बक्षिसं वयाच्या गटाप्रमाणे: पन्नाशीचा, साठ ते पासष्टचा, मग पासष्टीपुढचा. पन्नाशीच्या गटात चन्नवीर दहा वर्षं सहावा नाहीतर सातवा येत होता, कारण दरवर्षी कालपरवा पन्नाशी गाठलेली ताजी माणसं त्या गटात घुसायची. साठीच्या गटात मात्र गुडघे धरून पळणारे एक बँकवाले आणि वाटेत चहाला थांबणारे एक औषधवाले, एवढेच. पहिला नंबर चन्नवीरची वाट बघत बसला होता म्हणायचं.

आणि तिथे आला कोंडीबा.

आला कसला, चन्नवीरनेच आणला. क्लबची मंडळी पहाटे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत पळत जायची. तिथे टॉवेलच्या एका कारखान्याच्या गेटवर कोंडीबा राखणीला बसलेला असायचा. पस्तीस वर्षं त्याने त्याच कारखान्यात माग चालवला होता. एकदा चन्नवीरला उदारपणाची लहर आली. “काय बसलाय, चला की आमच्याबरोबर!” म्हणाला. कोंडीबा उठला, चपलेवरच चौकापर्यंत पळाला, परत आला आणि पुन्हा खुर्चीत बसला. धाप नाही, काही नाही. चन्नवीरला तेव्हा कौतुक वाटलं. त्याने आपले जुने बूट त्याला दिले, स्पर्धेचा फॉर्मसुद्धा स्वतःच्या हाताने भरला. आधार कार्डावर बघून जन्मतारीख लिहिली, एक जून एकोणीसशे चौसष्ट. गट साठीचा.

जानेवारीत कोंडीबा पहिला, चन्नवीर दुसरा. ऑगस्टमध्ये कोंडीबा पहिला, चन्नवीर दुसरा. सायकलवर चन्नवीर पुढे असायचा, पण शेवटच्या अडीच किलोमीटरात मागून ती बुटांची चापचाप ऐकू यायची. आपलेच बूट! “चला आण्णा, जवळच हाय की आता,” असं प्रेमाने म्हणून कोंडीबा पुढे निघून जायचा. ते प्रेमच चन्नवीरला जास्त झोंबायचं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यात क्लबच्या अध्यक्ष डॉक्टर वैजयंतीबाई. त्या म्हणायच्या, “कोंडीबांचं पाऊल बघा, कसं हलकं पडतंय. चन्नवीर, तुम्ही टाच आपटता.” चन्नवीरने बिटाचा रस सुरू केला, पुण्याहून नवे बूट मागवले, हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घेतलं. कोंडीबा शेजारून पुढे गेला की घड्याळ एकशे सत्तर दाखवायचं. त्यातले निम्मे ठोके पळण्याचे असतील, बाकीचे जळण्याचे. घरी जेवताना तो एकदम म्हणायचा, “त्याला दिवसभर खुर्चीत विश्रांती असते, म्हणून.” त्याची बायको राजेश्वरी विचारायची, “अहो, कुणाला?” मग तो भाकरी मागायचा.

डिसेंबरात दुकानात एका गिऱ्हाइकाने बोलता बोलता आपला जन्म एक जूनचा सांगितला, आणि चन्नवीरच्या डोक्यात उजेड पडला. एक जून! खेड्यातल्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा. खरी तारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग शाळेत नाव घालताना मास्तर तोंडाकडे बघून वर्ष ठरवायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. म्हणजे कोंडीबा साठीचा कशावरून? एवढा पळतो, पंचावन्नचा असेल. सत्तावन्नचा तर नक्कीच. त्याला पन्नाशीच्या गटात ढकलला की झालं काम. क्लब घरचाच होता, वैजयंतीबाई कागदापेक्षा माणसाच्या शब्दावर चालायच्या.

रविवारी त्याने राजेश्वरीला सांगितलं की अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जातो. दर्शन घेतलंही, खोटं कशाला बोला. तिथून आठ मैलांवर कोंडीबाचं गाव. कोंडीबाच्या घरचं कुणी उरलं नव्हतं, पण शेजारी गुरम्मा नावाची पंच्याऐंशीची म्हातारी होती. तिला कमी ऐकू यायचं. चन्नवीर तिच्याशी कानडीत मोठ्याने बोलला, तशी ती खुलली. “बा तम्मा, ये बाबा, बस,” म्हणून तिने ताक दिलं.

“आव्वा, कोंडीबाचा जन्म कधीचा?”

“माझ्या प्रभूच्या आठ दिवस आधीचा. त्याच्या आईला दूध नव्हतं, मीच पाजला दोघांना. एक इकडे, एक तिकडे.”

ती उठली आणि भिंतीतल्या फडताळाचं दार उघडलं. आतल्या बाजूला तिच्या नवऱ्याने रंगाने पोरांचे जन्म लिहून ठेवले होते. चन्नवीरने चष्मा लावला. प्रभू, बारा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणसाठ.

“मग शाळेत चौसष्ट कसं?”

“अकरा वर्षांचा होईतो गुरं राखत होता की! मास्तर म्हणाला, एवढा घोडा पहिलीत कसा बसवू? म्हणून पाच वर्षं कापली.” म्हातारी हसली. “कोण रे तू? त्याचा दोस्त?”

चन्नवीर ताक पिऊन उठला. कोंडीबा एकसष्ट वर्षांचा नव्हता, लवकरच सदुसष्टाचा होणार होता. म्हणजे आपण पाच वर्षांनी मोठ्या माणसाकडून हरत होतो, दोन्ही वेळेला, त्याच्या मागून धापा टाकत.

परतीच्या वाटेवर त्याने गाडी बाजूला लावली. खरं म्हणजे हवं ते हातात आलं होतं. वैजयंतीबाईंना एक शब्द सांगितला की कोंडीबा पासष्टीपुढच्या गटात जाणार आणि साठीतला पहिला नंबर आपला. पण मग बाई माईक हातात घेऊन सांगणार, सहासष्ट वर्षांचे कोंडीबा, आणि तरी सगळ्या म्हाताऱ्यांच्या पुढे! पेपरात फोटो येणार. लोक म्हणणार, चन्नवीर पहिला आला खरा, पण तो गडी बाजूला झाला म्हणून. नवी पेठेतून जाताना सराफ विचारणार, काय हो, तो सहासष्टवाला तुमच्याच क्लबातला ना? त्या माणसाला आणखी पाच वर्षांचं मोठेपण आपल्या हाताने द्यायचं? बूट दिले तेवढे पुरे झाले. चन्नवीरच्या अंगाची लाही झाली. असला पहिला नंबर त्याला नको होता, आणि दुसराही नको होता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लबात छातीवरचे नंबर वाटत होते. फॉर्मची शेवटची तपासणी चालू होती. कोंडीबा धुतलेला शर्ट घालून आला आणि थेट चन्नवीरपाशी गेला.

“आण्णा, तुमी आमच्या गावाला गेलता म्हनं?”

चन्नवीर वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

“गुरम्माआव्वानं फोन लावून घेतलाता. म्हनली, तुजा दोस्त आलता, तू कवा जन्मलास ते इचारत हुता. मी सगळं त्याला सांगितलंय, त्यालाच इचार. तिला फोनवर काय ऐकू येत न्हाय.” कोंडीबा आणखी जवळ सरकला. “आण्णा, मी कवाचा हाय, ते आजवर कुनी इचारलं न्हाय बगा. आई लवकर गेली. कागदावर एक जून हाय, पन ती तर समद्यांचीच असती. सांगा की, मी कवाचा?”

टेबलामागून वैजयंतीबाईंनी मान वर केली. तारीख चन्नवीरच्या जिभेवर होती. चार फेब्रुवारी. एवढं सांगितलं असतं तर त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवस मिळाला असता.

“कागदावर हाय तीच,” चन्नवीर म्हणाला. “एक जून. मास्तरांनी बरोब्बर लिवलंय.”

 कोंडीबाचा चेहरा उजळला. “म्हंजी एकसष्टच! मला आपलं वाटायचं, लई म्हातारा झालो असंन, किती दिवस पळनार. बरं झालं आण्णा, तुमी जाऊन आलात. आता अजून चार वर्सं आपन दोगं ह्याच गटात की!”

बाईंनी त्याच्या फॉर्मवर शिक्का मारला आणि पुढचा चन्नवीरचा घेतला. चन्नवीरने मनात हिशेब केला. चार वर्षांनी कागदावर कोंडीबा पासष्टचा होणार होता. आणि त्याच वर्षी चन्नवीरही, त्याच्या मागोमाग त्याच गटात.