पितळेची ओंजळ

वडिलांचा उजवा हात भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात गेला तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. आई रडून रडून थकली. मला मात्र काहीच वाटेना. सगळं दुसऱ्या कुणाच्या घरात चाललंय, असंच वाटायचं.

भिवपुरीच्या वीजघरात यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब आला होता. आपल्या देशात तो दगडाचे पुतळे घडवायचा. मग मोठी लढाई झाली, त्याच्या गावची तरणी पोरं हात गमावून परतली. पुतळे सोडून हा त्यांच्यासाठी लाकडी हात करू लागला. बोटं मिटवणारी कळ त्याने स्वतः शोधून काढली होती. पुढे तिकडे पोट भरेना, म्हणून इथवर आला. हे सगळं त्याने वडिलांच्या डाव्या हाताची मापं घेता घेता मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं.

त्याने केलेला लाकडी हात बघायला गाव लोटलं. खांदा हलवला की बोटं मिटून विळा धरायची. भटजींनी मात्र मान हलवली. हात बांधायचे चामड्याचे पट्टे कन्यादानाला चालायचे नाहीत, आणि आईने ओतलेलं पाणी बापाच्या ओंजळीतून मुलीच्या हातावर पडायला हवं, ते या बोटांच्या फटींतून आधीच गळणार. मुलगी काकांनी द्यावी, असं ठरत आलं. वडिलांनी जेवण टाकलं.

साहेबाला कन्यादान समजावताना आमच्या नाकी नऊ आले. समजलं तसा तो मेण घेऊन बसला. अर्ध्या ओंजळीसारखा वळलेला हात त्याने नखांसकट घडवला, कर्जतच्या ओताऱ्याकडून पितळेत ओतून घेतला आणि सुती नाड्या लावल्या. भटजींनी पाणी ओतून पाहिलं. थेंब गळला नाही. उरलीसुरली कुरकुर पंगतीत जिरली.

कन्यादान वडिलांनीच केलं. साहेब मांडवाच्या कडेला उभा राहून नवरानवरीकडे नाही, त्या हाताकडेच बघत होता. मी पाण्याची धार बघत राहिले. पाठवणीला सगळ्या बायका रडल्या, माझे डोळे कोरडेच. त्यावरून कुजबुजही झाली.

मी गाडीत बसल्यावर वडील जवळ आले. हळूच म्हणाले, "माजा हात लागला का गं तुला? मला काय कळलं नाय."

"लागला, बा. गार होता."

त्यांनी तो पितळी हात सदऱ्यावर घासघासून ऊन केला आणि पुन्हा माझ्या हातावर ठेवला. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.