बिरूच्या खिशातली किल्ली

रिटायर झालो तेव्हा ठरवलं होतं, आता रडारचं तोंड बघायचं नाही. मेढ्याला शेती बघायची आणि स्वस्थ झोपायचं. पण सांगलीत विश्रामबागला एक कंपनी फौजेतल्या पोरांना शिकवण्यासाठी सिम्युलेटर बनवते. त्यांना जुना ऑपरेटर हवा होता. तेव्हा या वयातही एसटीचे धक्के खात जातो.

सिम्युलेटर म्हणजे पडद्यावरचं रडार. अँटेना खऱ्यासारखी फिरते. वारा वाढला की मोटर त्याच क्षणी कण्हते, बर्फ साचला की चित्र धुरकट होतं. केतकी नावाच्या इंजिनिअर मुलीने हे सगळं केलंय. पहिल्याच दिवशी तिने मला एक बटण दाखवलं, ‘बर्फ काढा’. दाबलं की अँटेना लख्ख.

“बर्फ काढतं कोण?” मी विचारलं.

“सिस्टीम काढते, काका.”

“आमच्याकडं बिरू काढायचा.”

मग तिला सांगावंच लागलं. माझं शेवटचं पोस्टिंग बर्फातल्या डोंगरमाथ्यावर होतं. मी हवालदार, ऑपरेटर. नाईक बिरू माझा जोडीदार, जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बर्फ बसला की अँटेना थांबवायची आणि एकाने लाकडी हातोडा घेऊन शिडी चढायची. वर जाणाऱ्याने अँटेनाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, ही रीत. तो खाली येईपर्यंत कुणाच्या बापाला अँटेना फिरवता येऊ नये. म्हणून पोस्टवर दुसरी किल्लीच नसे.

त्या सकाळी चित्र पार गेलं. बिरूने किल्ली काढून खिशात टाकली.

“लय बसलाय रं गड्या. च्या ठेव, आलोच.”

तो वर असतानाच रेडिओ बोलला. शेजारच्या पोस्टवरच्या आजारी जवानाला घेऊन हेलिकॉप्टर निघालं होतं. दरीत ढग भरले होते. आमच्या चित्रावरूनच पायलटला वाट सांगायची होती.

“रडार चालू करो. ओव्हर.”

“आदमी ऊपर है, साब. ओव्हर.”

“कितना टाइम? ओव्हर.”

“उतर रहा है, साब. ओव्हर.”

बिरू खरंच उतरत होता. वाऱ्याचा झोत आला, पाय निसटला आणि तो खडकावर पडला. आम्ही पोचलो तेव्हा संपलं होतं. पोस्टवरच्या नर्सिंग असिस्टंटने नाडी बघून नुसती मान हलवली. आत रेडिओ तेच तेच विचारत होता. मी बिरूच्या खिशात हात घातला. गावाकडच्या बिरोबाचा भंडारा त्यात असायचा, ती पुडी फुटली होती. किल्ली पिवळी होऊनच बाहेर आली. तशीच लावली. चित्र स्वच्छ आलं, कारण त्याने काम पुरं केलं होतं. हेलिकॉप्टर उतरलं, जवान वाचला. मला रडायला संध्याकाळ व्हावी लागली.

पुढच्या खेपेला गेलो तर ते बटण नव्हतं. पडद्यावर शिडी होती, शिडीवर माणूस. टेबलाला खरीखुरी किल्ली. ती काढली की माणूस उतरेपर्यंत पडदा काळा. शिकायला आलेली पोरं चुळबुळतात.

“सर, नुसतं थांबायचं?”

“व्हय. नुसतं थांबायचं.”

एकदा केतकीने चाचरत विचारलं, “काका, खरं दाखवायचं तर कधीतरी तो पडायलाही हवा ना? घालू का प्रोग्रॅममध्ये?”

शिकवणीच्या हिशेबाने तिचं बरोबर होतं. मलाही ते कळतं. पण आता माझ्याच्यानं होत नाही.

“न्हाई, पोरी. उतरू दे त्याला.”

तेव्हापासून बिरू दर वेळी उतरतो. त्याचे पाय जमिनीला लागलेले बघितले की मी उठतो आणि चहा सांगतो.