वेशीवरचा मेंबर

“ज्याची उसाची गाडी वेशीत अडकती, त्यालाच वेस जपाया बसवता व्हय?” तात्याबा धनगर चावडीपुढं ओरडत होता. धुण्याची पाटी डोईवर घेऊन मी तिथंच थबकले.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. म्युन्सिपालटीनं जुनी वेस राखायला कमिटी काढली आणि पहिलं नाव घातलं ऊसवाल्या लालासाहेबाचं. त्याला तर वेस पाडून वाट रुंद करायची होती.

लालासाहेब हसला. “एवढा वहीम हाय, तर तूबी हो की रं मेंबर!”

त्याला वाटलं, मेंबर झाला की हा गप बसंल. तात्याबा मेंबर झाला, पण गप कुठला बसतोय! बैठकीतला चहासुद्धा पीत नव्हता. डागडुजीला दगड हलवायचं निघालं, की आधी त्या दगडावर जाऊन बसायचा.

“ऊठ की गड्या, भिंत बांधायचीय,” लालासाहेब म्हणायचा.

“बांधायची का पाडायची, ते आधी सांग.”

वेस राहिली. शेवटच्या बैठकीला तात्याबा अंगात ताप घेऊन गेला. बैठक उठल्यावर दर बैठकीसारखा लालासाहेबाच्या मागं मागं चालला, लालासाहेब वेशीकडं न वळता सरळ आपल्या वाड्यात शिरल्याचं पाहिलं, आणि मगच तात्याबा स्वतःच्या घरी येऊन आडवा झाला, तो पुन्हा उठला नाही.