पप्पांचा होकार

फेब्रुवारी संपत आला की देहूरोडच्या लष्करी वसाहतीतल्या शिरीषांच्या शेंगा पार वाळून जातात, आणि दुपार कलल्यावर घोरावडेश्वराच्या डोंगराकडून वारा सुटला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्या एकदम खुळखुळू लागतात. पहिल्या शिफ्टची कंपनीची बस मला चार वाजता फाट्यावर सोडते. तिथून घरापर्यंतची पंधरा मिनिटं मी या आवाजाखालून चालते. हवेत आंब्याच्या मोहोराचा दाट, किंचित आंबूस वास असतो, कुणीतरी पेटवलेल्या पाचोळ्याचा धूर असतो आणि माझ्या ओढणीला चाकणहून सोबत आलेला ग्रीसचा वास असतो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचे हे दिवस. लहानपणी हा मोहोर दरवळला की गुड फ्रायडेच्या लांबलचक उपासनेची, त्या दिवशीच्या तहानेची आणि नंतरच्या ईस्टरच्या पहाटेची चाहूल लागायची. आता नाक आपलं काम करतं, कान आपलं काम करतात. फक्त ते जे आणून देतात ते घ्यायला आत कुणी नसतं. हे मी दुःखाने सांगत नाही. दुःख झालं असतं तर बरंच झालं असतं.

माझे पप्पा इथल्याच लष्करी डेपोत स्टोअरकीपर होते. डेपोतून सुटल्यानंतरचं त्यांचं सगळं आयुष्य मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं होतं. रविवारी घंटा वाजवणं, गीतांचे नंबर फळ्यावर लावणं ही कामं ते करतच. पण लोक त्यांना ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. मंडळीतलं कुणी अखेरच्या आजारात पडलं की घरचे लोक पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्याही आधी पप्पांना बोलावत. पप्पा उशाशी बसत, आजाऱ्याचा हात हातात घेत आणि एकच प्रश्न विचारत, "प्रभूला धरून आहात ना?" मग ते वाट पाहत. "हो" असा शब्द आला तर उत्तम. शब्द फुटत नसला तर पापणीची उघडझाप, बोटाचा हलका दाब, तेवढंही त्यांना पुरे असे. बाहेर येऊन जमलेल्यांना ते "हो म्हणाले" एवढंच सांगत, आणि त्या घरातलं रडणं बदलून जाई. ते थांबत नसे, पण त्यातली भीती निघून जाई.

पप्पांच्या लेखी विश्वास ही एका दिवसाची किंवा एका बाप्तिस्म्याची गोष्ट नव्हती. ती शेवटच्या श्वासापर्यंत धरून ठेवायची गोष्ट होती, आणि तारण व्हायचं, मेल्यावर देवाजवळ जागा मिळायची, ती धरून ठेवणाऱ्यालाच. मी दहावीत असताना पिंपरीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांपाशी ते तीन दिवस बसले. गृहस्थ बेशुद्ध होते. पापणी हलली नाही, बोट हललं नाही, आणि तसेच ते गेले. त्यांच्या बायकोने पप्पांना दारात गाठून विचारलं, "काही म्हणाले का हो?" पप्पांनी मान खाली घातली, पिशवी उचलली आणि ते घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आई त्यांच्यावर भयंकर चिडली. "त्या बाईला एक हो दिला असतात तर तुमचं काय जाणार होतं?" असं ती भांडी आपटत म्हणाली. पप्पा म्हणाले, "माझ्याजवळ नव्हता, तर देऊ कुठून?" तीच आई अडीच वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तिलाही त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "हो म्हटलं की! आता किती वेळा विचारणार? आधी पाणी द्या," हे तिचं उत्तर. पप्पांनी हसत हसत तिला पाणी पाजलं.

आई गेल्यावर त्यांचं विसरणं सुरू झालं, किंवा इतके दिवस तिने झाकून ठेवलेलं उघडं पडलं. आधी गीतांचे नंबर गेले, मग चर्चहून घरी यायचा रस्ता गेला, मग आईचं जाणंच त्यांच्या मनातून गेलं. माझं लग्न झालेलं नाही; घरात आम्ही दोघंच. मी कामावरून आले की ते विचारत, "तुझी आई कुठंय?" आणि मी सांगितलं की त्यांना ते पहिल्यांदाच कळत असे, ते पहिल्यांदाच रडत. पहिला महिना मीही त्यांच्याबरोबर रडले. नंतर नुसती शेजारी बसू लागले. नंतर एके दिवशी "बाजारात गेलीये, येईल" असं म्हणून मी चपला काढल्या, चहाचं आधण ठेवलं, आणि साखरेचा चमचा हातात असताना माझ्या लक्षात आलं की मला काहीच झालेलं नाही. खोटं बोलल्याचं नाही, आई नसल्याचंही नाही. दात काढताना सुई दिली की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं माझं आतून होऊन बसलं, आणि ते उतरलं नाही.

प्रार्थनेतही तेच. रोज संध्याकाळी ताटावर बसल्यावर मी दोघांच्या वतीने प्रार्थना म्हणते. आमेन म्हणायचं पप्पा विसरले आहेत, तेव्हा तेही मीच म्हणते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. स्वतःची परीक्षा केल्याशिवाय वेदीपुढे गुडघे टेकायचे नाहीत, हा पप्पांनीच मला शिकवलेला नियम. मी परीक्षा केली, आत काही सापडलं नाही, म्हणून मी बाकावरच बसून राहू लागले. शेजारच्या बाया डोक्यावर पदर घेऊन मला वाट करून द्यायला गुडघे वळवत, आणि मी उठत नाही हे पाहून पुन्हा सरळ करत. दीड वर्ष असं गेलं.

यंदाच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात पप्पांनी बैठकीतल्या येशूच्या तसबिरीकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?" दिवसा त्यांना सांभाळायला गोदाबाई येतात. त्या उदगीरकडच्या, नवरा तळवड्याच्या एका कारखान्यात. आमचं धर्माचं त्यांना फारसं ठाऊक नाही, पण पप्पांवर त्यांची माया आहे. "अवो आजोबा, देव हाय की तुमचा! रोज पाया पडत होता न्हवं?" त्या म्हणाल्या. पप्पांनी तसबिरीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि "असेल" म्हणाले.

गोदाबाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली. ज्या माणसाने इतक्या जणांचे शेवटचे होकार आणले, त्याचा स्वतःचा होकार कोण आणणार, आणि तो त्याच्याजवळ नसेलच तर त्याचं काय होणार? त्यांच्याच नियमाने पाहिलं तर पप्पांच्या हातून प्रभू सुटला होता. दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून आल्या आल्या, हातही न धुता, त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसू लागले आणि त्यांचाच प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारू लागले. कधी उत्तर यायचं, "कोण प्रभू?" कधी, "चहा झाला का?" एकदा त्यांनी उठून खिडकीचा गज घट्ट धरून दाखवला. एकदा चक्क "हो" आलं, पण लगेच मी "पंखा लावू का?" विचारून पाहिलं, तर त्यालाही तसंच "हो" आलं. ते मी जमेस धरलं नाही.

ही खोड मला कामाने लावलेली. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या दारांची कुलपं बनतात आणि मी तपासणी विभागात आहे. प्रत्येक लॉटमधली काही कुलपं मी यंत्रावर चढवते. यंत्र ती उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं, दिवसचे दिवस. आकडा लाखापलीकडे जाईपर्यंत कुलूप टिकलं की लॉट पास. नव्या पाळकसाहेबांनी एकदा मला माझं काम विचारून घेतलं आणि पुढच्याच रविवारी उपदेशात घातलं. शेवटपर्यंत टिकणारा विश्वास कसा असावा, तर आपल्या प्रमिलाताईंच्या कंपनीतल्या कुलपासारखा! सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला राग यायला हवा होता, कदाचित थोडा आलाही असेल, कारण पाळकसाहेबांना पुढचं माहीत नव्हतं. लाख वेळा टिकलेल्या कुलपाला मी तांबडा रंग फासते, चुकून चांगल्या मालात मिसळू नये म्हणून, आणि भंगाराच्या पेटीत टाकते. ते कुठल्याच गाडीला कधी लागत नाही. गाड्यांना लागतात ती बाकीची, ज्यांची परीक्षा कुणी घेतलेली नसते.

उपासना संपल्यावर दारात सलाम करताना मी त्यांना हे सांगून टाकलं. पाळकसाहेब तरुण आहेत, जालन्याकडचे. त्यांचा चेहरा पडला. विषय निघालाच आहे तर म्हणून मी सरळ विचारलं, "पप्पांनी विश्वास सोडला असं समजायचं का?"

"नाही ताई, असं कसं?" ते घाईने म्हणाले. "आपण देवाला धरतो त्याहून घट्ट त्याने आपल्याला धरलेलं असतं."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ते खरंही असेल. "मग शेवटपर्यंत टिकायचं आमच्यावर कशाला?" मी म्हटलं. "खरं सांगू का ताई, मला नाही सांगता येत," ते म्हणाले. "शनिवारी मी पप्पांसाठी प्रभुभोजन घेऊन घरी येतो." तेवढ्यापुरते ते मला आवडले.

त्या आठवड्यात सकाळी बसमध्ये इंद्रायणीच्या पुलावरून जाताना मी टिकण्याचाच विचार करत असे. आमच्या या पट्ट्यात ती रोजची चौकशी आहे. पोराची नोकरी टिकली का, भाड्याची खोली टिकली का, सुनेचं पुण्यात मन टिकलं का, असं बायका एकमेकींना विचारतात, आणि टिकलंय म्हणणारीच्या आवाजात आनंद फारसा नसतो, दम लागलेला असतो. मीही टिकलेच होते म्हणायचं. दर रविवारी चर्चला जात होते, रोज ताटावर प्रार्थना म्हणत होते. त्यात मन नव्हतं, आणि मन नसलेलं टिकणं देवाकडे चालतं की नाही हे विचारावं तर ज्यांना विचारायचं ते पप्पा खिडकीचा गज धरून बसलेले. मला त्यांच्या तारणाची काळजी होती, असं मी म्हणत असे. माझ्या स्वतःच्या तारणाचं मी मनात नावही घेत नव्हते.

शनिवारी पाचच्या सुमाराला पाळकसाहेब आले. गुड फ्रायडेला अजून दोन आठवडे होते. उन्हाचा पांढरेपणा कमी होऊन ते पप्पांच्या गुडघ्यांवर तिरपं पडलं होतं. गोदाबाईंनी त्यांना अंघोळ घालून इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खोलीभर साबणाचा वास होता. पाळकसाहेबांनी तिपाईवर पांढरा कपडा अंथरला, त्यावर लहानसा पेला ठेवला, ताटलीत ब्रेडचे दोन तुकडे ठेवले. कपड्याची एक घडी उभी राहिली होती. पप्पांनी हात पुढे करून ती तळव्याने सपाट केली. प्रार्थना चालू असताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. मग पाळकसाहेबांनी एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

तेव्हा मी विचारलं. विचारायला नको होतं. पण पाळकसाहेब साक्षीला आहेत, तुकडा हातात आहे, याहून चांगली वेळ पुन्हा येणार नाही असं मला वाटलं. "पप्पा, प्रभूला धरून आहात ना?" माझा आवाज कंपनीतला होता. पप्पांनी तुकड्यावरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि गोदाबाईंना विचारलं, "ही कोण?"

"अवो आजोबा, लेक हाय की तुमची!"

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. गेलं वर्षभर ते माझ्याकडे पाहत असत, पण त्या दिवशी ते माझा चेहरा तपासत होते, एकेकाळी आजाऱ्यांच्या उशाशी बसून तपासत असत तितक्या सावकाश. "हिनं काही खाल्लेलं दिसत नाही," ते म्हणाले. मग तो तुकडा दोन बोटांत धरून त्यांनी माझ्या ओठांपाशी आणला. "खा."

पाळकसाहेबांचा हात अडवायला म्हणून पुढे झाला होता, तो मध्येच थांबला आणि खाली गेला. दीड वर्ष मी जे घेतलं नव्हतं ते घ्यावं की नाही, हे ठरवायला मला सवडच मिळाली नाही. माझं तोंड उघडलं. ब्रेड कोरडा होता, कडेला जरा कडक झालेला, आणि पप्पांच्या बोटांचा साबण त्याला लागला होता. जे शब्द पाळकसाहेब पप्पांसाठी म्हणणार होते ते त्यांनी हळू आवाजात माझ्यासाठी म्हटले आणि पेला माझ्यापुढे केला. दुसरा तुकडा त्यांनी पप्पांपुढे धरला तेव्हा पप्पांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. "त्यांचं झालंय," गोदाबाई म्हणाल्या, "दुपारी पोटभर जेवलेत."

निघताना पाळकसाहेब दारात घुटमळले. "ताई, मी प्रभुभोजन कुणाला दिलं म्हणायचं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"तुम्ही नाही दिलंत," मी म्हणाले.

त्यानंतर मी पप्पांना तो प्रश्न विचारलेला नाही. त्याचं उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या नियमात बसेल असं उत्तर त्यांच्याजवळ नाही आणि आता ते येणारही नाही. मला रडू आलं नाही, बधिरपणा उतरला नाही, पुढच्या पहिल्या रविवारी मी बाकावरून उठेन की नाही तेही सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की मला ज्यांनी भरवलं त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हतं, आणि हातातला तुकडा कशाचा हेही ठाऊक नव्हतं. मी उपाशी आहे, हे मात्र त्यांना दिसलं. तोवर ते मलाही दिसलं नव्हतं.