रऊफ सरांचे बदलते विचार

रऊफ सर समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसत. "थांबा, तुमचा प्रश्नच चुकीचा हाय," असं म्हणून स्वतःच नवा प्रश्न काढायचे आणि त्याचं उत्तर देऊन मोकळे व्हायचे. माजलगावात त्यांना विचारवंत म्हणत. मला ते कधीच आवडले नाहीत.

तरुणपणी ते साखर कारखान्यात कामगारांचे पुढारी होते. तेव्हा मशिदीकडे फिरकतही नसत म्हणे. संप फसला, नोकरी गेली, आणि सर धर्माकडे वळले. पुढे एका शाळेत मराठी शिकवता शिकवता पुस्तिका लिहू लागले. माणसानं केलेला कायदा माणसालाच गुलाम करतो, हुकूमत फक्त अल्लाहची, मतदान म्हणजे त्या हुकुमतीशी बेइमानी, असं त्यांचं म्हणणं. मराठी मात्र सुरेख लिहायचे, हे मलाही नाकारता येत नाही.

माझे अब्बा धान्याच्या मोंढ्यात मापाडी. सरांचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा. थोरली बहीण शबाना बारावी झाली, बीडला नर्सिंगला तिचा नंबर लागला, तेव्हा अब्बा सरांना विचारायला गेले. मी सोबत होते.

"परक्या पुरुषांची सेवा करायचं शिक्षण?" सर म्हणाले. "पोरीला घरात इज्जत हाय. ती बाहेर कावून शोधता?"

अब्बा मान हलवत उठले. दोन महिन्यांत शबानाचं लग्न होऊन ती युसूफ वडगाव या गावी सासरी गेली.

पुढे सर बदलले. धर्माच्या नावानं चालणाऱ्या राजवटी आपल्यासारख्याच लिहिणाऱ्यांना तुरुंगात घालतात, हे वाचून ते हादरले होते. नव्या पुस्तिकेत त्यांनी लिहिलं, राज्यघटना हा आपण सगळ्यांनी केलेला करार आहे आणि करार पाळणं हाच दीन, हाच धर्म. मतदान आता कर्तव्य ठरलं. त्यांची नात पुण्याला डॉक्टरकीला गेली. सर पेढे घेऊन आमच्याकडे आले.

मी पेढा घेतला नाही. "शबानाचं काय, सर?"

"बेटी, तवा मला तेच खरं वाटत होतं. विचार करणारा माणूस बदलतोच."

"तुमी बदललात. तिचं तर सगळं तिथंच थांबलं. तिच्या घरी जाऊन एवढंच सांगा, की माझं चुकलं."

"मी त्यावर लिहिणार हाय," सर म्हणाले.

लिहिलंही. 'स्त्रीशिक्षणाबाबत आमच्या पिढीकडून काही चुका झाल्या.' आमच्या पिढीकडून! वडगाव दीड-दोन तासांच्या अंतरावर, पण सर तिकडे कधी गेले नाहीत.

गेल्या वर्षी ते वारले. शोकसभेत जो तो त्यांच्या विचार बदलण्याच्या धाडसाचं कौतुक करत होता. मी उठले आणि म्हणाले, "त्यांच्या आधीच्या विचारांची किंमत माझ्या बहिणीनं मोजली. तिचं नाव शबाना."

संध्याकाळी तिचा फोन आला. "माझं नाव कावून घेतलंस?"

"राग आला?"

"न्हाई. इतक्या वर्षांत पयल्यांदा कुणीतरी घेतलं."