पूर्वेला समुद्र

मद्रासचं चेन्नई होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे सासरे जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि लगेच शहराच्या उत्तरेला, एन्नोरला समुद्रकाठी प्लॉट घेऊन बसले. हा पराक्रम भूगोलाच्या मास्तरनंच करावा. पुण्याहून आलेल्या मला, त्यांच्या नव्या जावयाला, त्यांनी प्लॉटची थोरवी सांगितली, "माप्पिळ्ळै, तीन बाजूंस शेजारी. पूर्वेस समुद्र. तिकडून कोण कुंपण सरकवणार?"

माप्पिळ्ळै म्हणजे जावई. या तंजावरी मराठी घरात जावयाचा मान तमिळमध्ये होतो आणि कानउघाडणी मराठीत, एवढं मला तोवर कळलं होतं.

सासूबाईंचं मागणं एकच होतं. वेस्ट मांबलमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मरायचं नाही. कुणाला न विचारता भिंतीत खिळा ठोकता यावा, असं स्वतःचं घर हवं. म्हणून दर पोंगलला त्या स्टोव्ह आणि पातेलं घेऊन प्लॉटवर जात. दूध पूर्वेकडे उतू गेलं की घर उभं राहतं, अशी त्यांची श्रद्धा. आम्ही भोवती उभे राहून वाळूला दूध पाजत असू.

दर वर्षी स्टोव्ह थोडा पश्चिमेला सरके. समुद्रानंच कुंपण सरकवायला घेतलं होतं, आणि त्याला कोर्टात खेचणारा वकील वकिलांनी भरलेल्या मैलापुरातही मिळेना. सासरे म्हणत, "भरती आहे." पुढच्या वर्षीही भरतीच. ओहोटी आमच्या प्लॉटला लागू नसावी.

शेवटच्या पोंगलला पोचलो, तर किनाऱ्यावर सरकारनं धोंडे टाकलेले आणि प्लॉट त्यांच्या पलीकडे, लाटांखाली. सासूबाईंनी रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवला. सासऱ्यांना मात्र एकदम वर्ग सापडला. हात मागे बांधून ते सुरू झाले: किनाऱ्यालगतचा प्रवाह वाळू दक्षिणेकडून उत्तरेला नेतो. मध्ये बंदराची भिंत आली, वाळू दक्षिणेलाच अडली. म्हणून तिकडे मरीना रुंदावते आणि इकडे समुद्र जमीन खातो. "दर वर्षी पोरांस हेच शिकवलं, फळ्यावर आकृती काढून!"

इतकं स्वच्छ मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. मला त्यांचा संताप येत होता आणि कीवही.

सासूबाईंनी मान वर केली. "म्हणजे हे तुम्हांस आधीच ठाऊक होतं?"

"होतं," सासरे चाचरले. "पण मला वाटलं, ते परीक्षेपुरतं."

दूध वर येऊ लागलं होतं. सासूबाईंनी स्टोव्ह बंद केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"चला," त्या म्हणाल्या. "घरमालक फाटकाला कुलूप घालेल."