भ्रम म्हणून सांगितलं ते

आई गेल्यावर मी नळदुर्गहून रजा काढून गावी राहायला आले. नळदुर्गला मी शाळेत मराठी शिकवते. आमचं गाव लोहारा तालुक्यात, भूकंपानंतर नव्या जागेवर वसलेलं, सरळ रस्त्यांचं आणि एकसारख्या घरांचं. बाबा निवृत्त शिक्षक. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव बाहेर गेले आणि त्यांच्याबरोबर बरेच शब्दही गेले. आत्मा, भूत, बाधा, अंगात येणं. यातला एखादा शब्द कुणी आमच्या घरात बोललं, की बाबा त्याला समोर बसवून समजावत. आईच्या पुण्यानुमोदनाच्या फ्लेक्सवर चुलतभावानं ‘आत्म्यास शांती लाभो’ छापून आणलं, तर एवढ्या दुःखातही बाबांनी तो परत पाठवला.

अशा माणसाला मी एका दुपारी ओसरीवर पेपर वाचताना पाहत होते. वाचता वाचता त्यांनी दोन्ही पाय उचलले, जरा वेळ अधांतरी धरले आणि परत खाली ठेवले. खुर्चीखाली कुणी झाडत असलं की आपण उचलतो, तसे. मला वाटलं, पाय आखडले असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. आणि या वेळी ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “झालं का?”

हे शेजारच्या बाईंनीही ऐकलं. संध्याकाळपर्यंत मावशीचा फोन आला. “बाहेरचं काहीतरी असंल गं. एक जाणता हाय वळखीचा. दाखवून बघू का?”

मी नको म्हणाले आणि फोन ठेवला. अंधश्रद्धेवर गावोगाव भाषणं केलेल्या माणसाच्या घरी जाणता येणार, या कल्पनेनंच माझे कान तापले. बाबांच्या दुःखापेक्षा गल्ली हसेल याचीच मला जास्त काळजी होती. मी त्यांची खुर्ची आतल्या खोलीत नेली. ओसरीवर ऊन येतं, असं कारण दिलं. ओसरी उत्तरेला आहे.

बाबा पेपर घेऊन आत जाऊन बसले. जेवताना म्हणाले, “माझी लाज वाटती का तुला?”

“नाही.”

“मला वाटती.” त्यांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला. “ती येती असं मी म्हणणार नाही. ती गेली, अग्नी मीच दिलाय. पण ती दुपारी झाडायची तसा झाडल्याचा आवाज येतो आणि पाय आपोआप उचलले जातात. याला काय म्हणायचं? तू मराठी शिकवतीस.”

मी भास हा शब्द सुचवून बघितला. ते म्हणाले, भास म्हणजे नसलेलं दिसणं, मला तर काहीच दिसत नाही. चाहूल म्हटलं, तर चाहूल येणाऱ्या माणसाची असते, म्हणाले. अनुभूती म्हटल्यावर त्यांनी हात झटकला. “तो बुवालोकांचा शब्द.”

मग मी म्हणाले, “भ्रम?”

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी ताट बाजूला सारलं. “हा शब्द मी एकदा वापरलाय,” ते म्हणाले, आणि मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगू लागले.

भूकंपानंतर सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं, तेव्हाची. जुन्या गावात भुतं आहेत म्हणून लोक तिकडं गुरं नेईनात. एक बाई मात्र रोज दुपारी तिथं जाऊन बसायची. तिचा लहान मुलगा घराखाली दबून गेला होता, आणि त्याची हाक ऐकू येते असं ती सांगायची. बाबा तेव्हा तरुण होते. लोकांची भीती घालवायची म्हणून त्यांनी शेडसमोर सभा घेतली आणि त्या बाईला सगळ्यांपुढं उभं केलं. “हा तुमचा भ्रम आहे,” ते तिला म्हणाले. “लेकरू गेलं. हाक बिक काही नाही.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई खाली बसली.

“टाळ्या मला आवडल्या होत्या,” बाबा म्हणाले.

ती बाई अजून आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी बाबा म्हणाले, मला तिथं सोड. मी स्कूटी काढली.

ती अंगणात मेथी निवडत बसली होती. आम्हाला बघून तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं. “बसा की गुर्जी.”

बाबा उभेच राहिले. “अक्का, शेडात असताना मी तुम्हाला चारचौघांत बोललो होतो.”

“व्हय. भरम हाय म्हणलाव.”

“चुकलं माझं.”

तिनं मेथीची काडी बाजूला टाकली. “त्यात काय चुकलं? लोक भूत म्हणायचे. लेकराला भूत कसं म्हणावं? काय म्हणावं त्येच कळंना. तुमी भरम म्हणलाव, त्ये बरं वाटलं कानाला. तवापसनं म्या त्येला भरमच म्हणते.”

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती सहज म्हणाली, “रोज दुपारी म्हणत्यात, भरम आला होता, भरम आला न्हाई.”

बाबांची मान खाली गेली. अक्कानं रागावून चार शब्द सुनावले असते, तर त्यांनी ते ऐकून घेतले असते. पण तिच्याकडं राग नव्हताच. त्यांनी टाळ्यांसाठी फेकलेला शब्द तिनं उचलून तीस वर्षं लेकरासारखा सांभाळला होता, आणि त्याला कसं तोंड द्यावं हे बाबांना कळत नव्हतं. मी उगाच स्कूटीच्या किल्लीशी चाळा करत राहिले.

“तुमच्या बी घरात हाय म्हणं कुणी,” अक्का म्हणाली. बातमी इथपर्यंत आली होती.

हजारदा लोकांपुढं नाही म्हणालेले बाबा हळू आवाजात म्हणाले, “व्हय.”

“मग येऊ द्या की,” ती म्हणाली, आणि मेथी निवडायला लागली.

घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, विहारातलं माझं रविवारचं भाषण आता दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग. मी निरोप दिला. का, असं कुणी विचारलं नाही.

आता मी नळदुर्गला असते. रोज फोन करते. जेवलात का विचारते, बीपीची गोळी घेतली का विचारते. आवाज अजून येतो का, हे विचारायचं असतं. पण मी स्टाफरूममध्ये बसलेली असते, आजूबाजूला माणसं असतात. मी पावसाचं काहीतरी बोलते आणि फोन ठेवते.